अर्धी फेरी की पूर्ण?

आधी माफी मागते. पप्पांबद्दल लिहायला मी कोण, असं हे पान समोर घेतल्यापासून वाटतं आहे. मैदानावर त्यांच्याबरोबर वीस वर्षं धावलेली माणसं आहेत, विहारात त्यांच्या शेजारी बसणारी आहेत, आणि आई तर आहेच. या सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी आत्ता कुठे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि उत्तरपत्रिकेशिवाय मोठं असं काही लिहिलेलं नाही. पण या महिन्यात पप्पांना जाऊन वर्ष होईल, आणि एक गोष्ट अशी आहे की ती मीच सांगू शकते. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत मशीनवर कामाला होते. मराठवाड्यातून ते आले तेव्हा कंपनीच्या क्रीडास्पर्धेत पाच हजार मीटर धावायला माणूस कमी पडत होता, म्हणून ते उभे राहिले आणि पहिले आले. त्यानंतर ते दर वर्षी धावत राहिले. रहाटणीच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीच्या वर कप होते. आई ते प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवायची, त्यामुळे पाहुण्यांना ते नेमके कशाचे आहेत ते विचारावं लागायचं. छातीवर लावायच्या नंबराबरोबर चार सेफ्टी पिना मिळतात. आमच्या घरात सेफ्टी पिना कधी विकत आणल्या नाहीत. आजही माझ्या ओढणीला त्यातलीच एक आहे.

आमची शाळा आणि त्यांची शिफ्ट यांचा मेळ बसायचा नाही. एका आठवड्यात आम्ही उठायच्या आत ते कंपनीच्या बसमध्ये असायचे, दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरी यायचो तेव्हा ते निघालेले असायचे. फक्त घराजवळच्या मैदानावर धावायचा तास त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांनी आम्हाला देऊन टाकला. ज्याला पप्पांशी काही बोलायचं असेल त्याने मैदानावर यायचं, असा नियमच झाला. पप्पा थांबायचे नाहीत. आपण बूट घालून त्यांच्या बाजूला धावायला लागायचं.

"पप्पा, एक सांगायचं होतं."

"अर्धी फेरी की पूर्ण?"

म्हणजे गोष्ट केवढी आहे ते आधी सांगायचं. सहलीची परवानगी अर्ध्या फेरीत मिळायची. वर्गातल्या भांडणाला पूर्ण फेरी लागायची. दादाला बाईक हवी होती तेव्हा त्याने तीन फेऱ्या मागितल्या, पण तिसरीत त्याला इतकी धाप लागली की बाईक हा शब्दच बाहेर येईना. "दम आला की परत ये," पप्पा म्हणाले आणि पुढे गेले. आईसाठी वेगळी सोय होती. ती साडीवर बूट घालून कडेने चालायची आणि पप्पा तिच्याबरोबर चालायचे. कामगाराला अशा एका तासाचा किती हिशेब ठेवावा लागतो ते मला आता कळतं, पण आईच्या फेरीला त्यांनी कधी घड्याळ पाहिलं नाही.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका तिथे रोज फिरायला यायचे. ते मावळातल्या जुन्या गावचे. आम्हाला पप्पांच्या मागे धावताना पाहिलं की ओरडायचे, "काय चॅम्पियन, भरली का लोकसभा?"

"भरली राव. विरोधी पक्ष आज लई पळतोय."

"पळू द्या. पाडू नका म्हंजे झालं."

धावून झालं की पप्पा पायरीवर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत दहा मिनिटं बसायचे. क्रिकेटवाली मुलं म्हणायची, काका झोपले. रविवारी ते पांढरा सदरा घालून विहारात जायचे, वंदनेच्या अर्धा तास आधी, कारण फरशी पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं. पंचशील ते घाईने म्हणायचे नाहीत. एकेका शीलानंतर थोडं थांबायचे, जणू आपल्याला हे खरंच जमणार आहे का, ते तपासून पुढे जायचे. कुणाच्या घरी दुःख झालं की जलदान विधीला ते पहिले हजर असायचे. पण घरी आल्यावर आम्हाला सांगायचे, "गेलेल्या माणसाला आपलं काही पोचत नाही. जे बोलायचं ते तो ऐकतोय तोवर बोला."

हे वाक्य मला नंतर फार जड गेलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि मी संख्याशास्त्राच्या एका पेपरात नऊ मार्कांनी नापास झाले. पप्पांनी तोवर मैदानावर आणि विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्या सकाळी मी बूट घालून त्यांच्या बाजूला धावायला लागले.

"अर्धी की पूर्ण?"

"अर्धी," मी म्हणाले. "निकाल लागला नाही अजून. एक पेपर तपासायचा राहिलाय. विद्यापीठाचं असंच असतं."

त्यांनी मान हलवली. आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी सांगेन तेच विद्यापीठ. दर काही दिवसांनी ते विचारायचे, "आला का गं?" मी नाही म्हणायचे. वर तेच मला धीर द्यायचे, की तपासणाऱ्यालाही घरदार असेल. रविवारी विहारात मी त्यांच्या शेजारीच बसायचे. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझे ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. दिवाळीनंतर मी तो पेपर पुन्हा दिला, तोही घरी न सांगता.

त्याच हिवाळ्यात मैदानावर पप्पांच्या छातीत दुखलं. धावणाऱ्या माणसाला असं कसं होईल, म्हणून आम्ही दोन दिवस ते पित्तावर ढकललं. मग हॉस्पिटल, तपासण्या, आणि बायपास करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टरांनी आईला आणि दादाला बाजूला घेऊन धोका समजावला. मी दारात उभी राहून ऐकलं. पुन्हा दिलेल्या पेपराचा माझा निकाल अजून आलेला नव्हता. तो येईपर्यंत थांबावं, म्हणजे वाईट आणि चांगलं एकदमच सांगता येईल, असा माझा बेत होता. पण तो यायच्या आत पप्पा गेले तर ते माझं खोटं खरं मानूनच जाणार होते.

ते वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये हळूहळू चालत होते. मी त्यांच्या बाजूला गेले.

"पप्पा, सांगायचंय."

"अर्धी की पूर्ण?"

"पूर्ण."

मी सगळं सांगितलं. ते पॅसेजच्या टोकाच्या खिडकीपर्यंत चालत राहिले. खिडकीपाशी वळताना त्यांनी विचारलं, "किती मार्कांनी?"

"नऊ."

"परत दिलास पेपर?"

"दिला."

मी रागाची वाट पाहत होते, आणि तो मला चालला असता. ते म्हणाले, "सहा महिने एकटीच पळत होतीस का गं?"

मला रडू आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधार मी त्यांना देत होते की ते मला, हे तिथल्या नर्सला कळलं नसतं. "चल," म्हणाले, "फेरी पूर्ण कर."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे तीन महिने पप्पा आमच्यात होते. पुढे जे झालं ते इथे लिहीत नाही. त्या तीन महिन्यांसाठी मी कुणाचे आभार मानू, ते मला कळत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानते.

घरी आल्यावर त्यांना धावायची मनाई होती. मैदानाच्या पायरीपर्यंत चालत जायचं, बसायचं आणि परत यायचं. चिंचवड स्टेशनच्या स्टॉपवर बसची वाट बघत असताना माझ्या मोबाइलवर निकाल दिसला. घरी न जाता मी थेट मैदानावर गेले. ते पायरीवर बसलेले होते आणि एसटीवाले काका शेजारी शेंगा सोलत होते.

"पप्पा, निकाल आला. पास झाले."

"लोकसभा उठली!" काका ओरडले. "अहो चॅम्पियन, पेढं आणा आता."

पप्पा मात्र माझ्याकडे बघत राहिले. मग हसू दाबून म्हणाले, "खरं ना? का विद्यापीठाचं असंच असतं?"

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि सगळे विषय वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचले. त्या पेपरापाशी ते थोडे थांबले. मग मोबाइल काकांच्या पुढे धरून म्हणाले, "वाचा, राव. मोठ्यानं वाचा."