बाबांनी लिहिलेली एक ओळ

आई गेल्यावर माझी धाकटी बहीण मोबाईलवर बघून विचक्राफ्ट, म्हणजे तिकडची जादूविद्या, शिकायला लागली. डोंबिवलीच्या घरी, आतल्या खोलीच्या खिडकीत तिने सगळं मांडलेलं. आंबिवलीला मावशीच्या अंगणातल्या पेरूची फांदी तासून केलेली छडी, खडेमिठाची वाटी, काळा दोरा गुंडाळलेली सुरी, आणि पाणी ठेवायला आईचं तांब्याचं फुलपात्र. मी वर्तकनगरच्या माझ्या घरून रविवारी जायचे, तेव्हा ते बघून माझं डोकं फिरायचं.

"अगं, शेजारी काय म्हणतील? करणी करतेस म्हणतील."

"कुणाचं वाईट करत नाहीये मी," ती म्हणायची. "आईला पत्र लिहिते फक्त."

पत्रं थीबन नावाच्या लिपीत असत. इंग्रजीतल्या जवळजवळ प्रत्येक अक्षरासाठी एक वळणदार खूण. मराठीच लिहायचं, पण त्या खुणांनी. दर पौर्णिमेला कागद मेणबत्तीवर जाळायचा. मी हसायचे. तिने दोनदा विचारलं, "तू लिहितेस का?" दोन्हीदा मी नाही म्हटलं.

बाबा एकदाच म्हणाले, "ते फुलपात्र देवघरातलं आहे." पण उचललं नाही.

मग एका पौर्णिमेला, चहा झाल्यावर, ते त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "मला एक ओळ लिहायचीय."

"सांगा, मी लिहून देते," बहीण म्हणाली.

"नको. माझा मी लिहीन. तू फक्त खुणांचा तक्ता दे."

चष्मा पुसून ते तिच्या टेबलाशी बसले. प्रत्येक खूण तक्त्यात शोधायची, बोट ठेवायचं, मग लिहायची. मध्येच विचारलं, "यात व्ही दिसत नाही?"

"यू आणि व्हीला एकच खूण आहे, बाबा."

एवढ्या एका ओळीला पाऊण तास लागला. मी दारातून बघत होते. कागद मला स्पष्ट दिसत होता, पण ती लिपी मला येत नव्हती. बहिणीला त्यांनी तोंड फिरवायला सांगितलं आणि कागद स्वतः जाळला. राख पडली तिथे हात ठेवून बसले. त्या दिवशी ते नीट जेवले.

पुढच्या वर्षी बाबा गेले. बहीण आता जर्मनीत असते. मी तिला फोनवर विचारलं, "काय लिहिलेलं गं त्यांनी?"

"मी बघितलं नाही, ताई. खरंच नाही. तुला दिसला होता ना कागद?"

दिसला होता. शेवटच्या तीन-चार खुणा अजून डोळ्यांपुढे येतात, पण धूसर.

त्यानंतर मी ती लिपी शिकले. आठवेल तशा त्या खुणा एका कागदावर पुन्हा पुन्हा काढून बघितल्या. कधी शेवटच्या दोन खुणांचं 'ये' व्हायचं, कधी नुसतंच काहीतरी. शेवटी तो नाद सोडला आणि त्याच कागदावर खाली, त्याच खुणांनी, आई-बाबा दोघांना लिहायला घेतलं. पहिल्याच शब्दात चुकले. खोडलं नाही, तसंच पुढे लिहीत गेले.