कान तुटलेल्या कपातलं अळणी

माझी सासू जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी तिच्याबद्दल बोलतच नाही. पण परवा आमच्या सुनेनं हौसेनं कोंबडीचं सूप केलं. चांगलं दाट, वरून साय घातलेलं. सगळ्यांना टेबलाशी बसवलं, सारखे पांढरे बाऊल मांडले. माझ्या बाऊलमध्ये वाढताना तिचा हात जरा वर राहिला, आणि मी तिच्यावर खेकसले, "खाली टेकवून वाढता येत नाही का?" पोरगी रडकुंडीला आली. नातवंडं माझ्याकडे बघत राहिली. तिला कारण सांगितलं नाही. इथं सांगते.

सूप हा शब्द आमच्याकडे नव्हता. आम्ही अळणी म्हणायचो. कोंबडी हळद-मिठात शिजवायची, आणि तिखट पडायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं, ते अळणी. आजाऱ्याला, लेकराला, बाळंतिणीला द्यायचं. माझी आई ते दाट करायची आणि शेवटी त्यात चमचाभर साय फेटून घालायची. कोंबडीत दूधदुभतं गेलं की अंगावर कोड फुटतं असं सगळं गाव म्हणायचं. आमच्या घरात कुणाला काही फुटलं नाही. वडील शाळामास्तर होते, त्यांना असल्या गोष्टी मोडून बघायची खोडच होती.

माझं सासर सोनपेठच्या बाजूला, गोदावरीपासून कोसभर. घर खाऊनपिऊन सुखी. सासूच्या गळ्यात माळ, त्यामुळे कोंबडं घरात शिजायचं नाही. बाहेर गोठ्याजवळ तीन दगड मांडलेले असायचे, तिथं पुरुषांसाठी व्हायचं, आणि करायचं मी. त्या दगडांच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असायचा. कान तुटलेला, काठावर निळं फूल. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरची माणसं कामाला आली की तो कप आपल्या हातानं उतरवायची, पुढं धरायची, मी वरून चहा ओतायचे, किटली कपाला लागू न देता. चहा पिऊन झाला की त्यांनीच तो धुवून परत पालथा घालायचा. लग्न झाल्यापासून दोन वर्षं मी हे रोज करत होते. मला त्यात काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या माहेरी असा कप नव्हता. तरी सासरी आल्यावर आठ दिवसांत माझ्या हाताला तेवढी उंची बरोबर कळायला लागली होती.

मग एका पावसाळ्यात नामांतरावरून मराठवाडा पेटला. तिकडे जिंतूरकडे, वडिलांच्या गावात, वस्तीवरची घरं जाळली. वडिलांनी दोन कुटुंबं आपल्या ओसरीवर आणून ठेवली. ती माणसं आमच्या आडाचं पाणी शेंदत होती आणि माझ्या आईनं थापलेल्या भाकरी खात होती. एवढंच झालं. त्यावरून भावकीनं वडिलांशी बोलणं टाकलं, आणि ही बातमी एसटीच्या आधी माझ्या सासरी येऊन पोचली.

सासूनं अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाटलं ते घर. आता हिचा पाय तिथं लागायचा न्हाई." पाय माझा होता, पण तो कुठं लागायचा ते तिनं ठरवायचं.

नेमके तेव्हाच मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात लेकीला न्यायचं, कारण आठव्यात बाईला हलवत नाहीत, आणि नवव्यात बैलगाडी आणि एसटीचे धक्के कोण सोसणार. म्हणजे सातवा चुकला की संपलं. मला सासरी बाळंत व्हायचं नव्हतं. साधं भ्यायचं कारण होतं. शेजारची सून मागच्याच वर्षी घरात अडली होती. तिच्या सासूनं आणि माझ्या सासूनं मिळून दवाखाना नको म्हणून ठरवलं, आणि ती पोर दुसऱ्या दिवशी गेली. माझी सासू तिच्या उशाशी बसलेली मी डोळ्यांनी बघितली होती. त्या हातांत मला पडायचं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मायला इचार." मायला विचारायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं, हे मी तेव्हा म्हटलं नाही. नंतर पुष्कळ वेळा म्हटलं.

संक्रांत गेली, माघ लागला. सातवा सरायला चार दिवस राहिले होते तेव्हा वडील मला न्यायला आले. थंडीत पहाटेच निघाले होते. जिंतूरहून परभणी, परभणीहून सोनपेठ, पुढं पायी. खोकून खोकून त्यांचा आवाज बसला होता. हातातल्या पिशवीत आईनं दिलेले डिंकाचे लाडू होते. सासूनं पिशवी घरात घेतली नाही. ओसरीच्या खुंटीला अडकवली, आणि म्हणाली, "लेकीला न्यायचं नाव काढू नका, मास्तर. जेवा आन् सकाळच्या गाडीनं जावा."

सासरे मध्ये पडले. बायकोपुढं बोलायची त्यांची ताकद नव्हती, पण गावात इज्जत होती. "इवाई दारात आलेत," ते म्हणाले, "कोंबडं तर कापावं लागंल. लोक काय म्हणतील." लोकांसाठी कोंबडं कापलं गेलं. मुलाणी येऊन सुरी फिरवून गेला. त्याचा हात लागलेला आमच्या घराला चालायचा, रीतच होती तशी. कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही याचा हिशेब त्या घरात फक्त सासूला येत होता.

मी तीन दगडांवर पातेलं चढवलं. वडिलांना खोकल्यात तिखट चालणार नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी अळणी काढायचं आणि बाकीच्याला येसराचा मसाला टाकून झणझणीत रस्सा करायचा असं मी ठरवलं. आलं-लसूण ठेचलं, हळद-मीठ लावलं, कांद्यावर कोंबडी परतली आणि वर ताटलीत पाणी ठेवून मंद जाळावर शिजत ठेवली. मग सासूकडं गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, वाटीभर साय द्या."

"कशाला?"

"अळणीत घालायला."

"कोंबडीत साय? पोटातल्या पोराला कोड आणायलीस का, माझ्या नातवाला?" ती म्हणाली. "बापानं शिकवलं असंल. सगळं उलटंच शिकवायलाय तो मास्तर."

सायीचं भांडं वर शिंक्यात होतं आणि पोट पुढं घेऊन मला तिथवर चढता येत नव्हतं. मी रागानं परत आले. संक्रांतीचे तीळ उरले होते, ते भाजले. खोबरं भाजलं, चिमूटभर खसखस घेतली आणि पाट्यावर वाटायला बसले. सात महिन्यांच्या पोटानं पाट्यावर वाकायचं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. वाटण लोण्यासारखं होईपर्यंत मी वरवंटा सोडला नाही. सासूच्या नाकावर टिच्चून मला आईसारखं दाट अळणी करायचं होतं. ज्वारीचं थोडं पीठ कोरडंच भाजलं, पाण्यात कालवलं, गाळलेल्या अळणीत वाटणाबरोबर सोडलं आणि ढवळत बसले. रंग पांढरट पिवळा आला. पळीला लेप धरायला लागला. चव घेतली तर साय नसल्याचं कळत नव्हतं.

ढवळताना एकदा नजर वर गेली. कोनाडा रिकामा होता. नामांतराचं पेटल्यापासून वस्तीवरची माणसं आमच्याकडं कामाला येईनाशी झाली होती, कपावर कोळ्यानं जाळं केलं होतं. मला वाटलं, आली असतील आज कुणी, चला, कापूस निघेल. इतकंच वाटलं.

दिवेलागणीला पुरुषांची पंगत ओसरीवर बसली. सासरे, त्यांच्याशेजारी नवरा, दोघांपुढं ताट-वाट्या. वडिलांचा पाट जरा अंतरावर, ओसरीच्या पायरीकडं. त्यांच्यापुढं पत्रावळ, आणि पत्रावळीशेजारी तो कप. धुतलेला, पुसलेला, निळं फूल त्यांच्याकडं केलेलं.

सासू दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं तशी म्हणाली, "वाट्या पुरंनात. पातळ कपातच बरं पडतंय."

फडताळात वाट्यांची उतरंड होती. ती मला दिसत होती, तिला दिसत होती आणि सासऱ्यांनाही दिसत होती. सासरे भाकरी मोडायला लागले. नवऱ्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. वडिलांनी एकदा कपाकडं आणि एकदा अंगणापलीकडच्या रिकाम्या कोनाड्याकडं बघितलं. गोष्ट त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी कप उचलला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

"वाढ, बाई," ते म्हणाले. "निवलं की गुठळी धरतंय."

मी अळणीचं पातेलं घेऊन पुढं झाले. डोकं रागानं नुसतं भणभणत होतं. पातेलं सासूच्या अंगावर ओतावं असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण भांडण झालं असतं तर वडील तसेच उठून गेले असते आणि मी तिथंच राहिले असते. म्हणून दात आवळून पळी भरली आणि वाढलं. वरून ओतलं. पळी कपाला लागू दिली नाही. अळणीचा ओघळ वीतभर उंचीवरून पडला, थोडं उडालं, वडिलांच्या बोटांवर पडलं. चटका बसला असणार. त्यांनी कप हलू दिला नाही.

त्या वेळी माझं लक्ष सासूवर होतं. मी काय केलं ते मला कळलंच नाही.

वडील सगळं अळणी प्यायले. आणखी मागून घेतलं. जेवण झाल्यावर उठले, कप घेऊन अंगणात गेले, रांजणातलं पाणी घेऊन राखेनं स्वच्छ घासला आणि कोनाड्यात पालथा घातला. मग सासूला म्हणाले, "ज्यानं त्यानं धुवून ठिवायचा, अशीच रीत हाय न्हवं इथली?" सासरे पान लावायच्या निमित्तानं बाहेर गेले.

मग बायकांची पाळी. म्हणजे आम्ही दोघीच. सासूनं आपलं ठेचा-भाकरीचं ताट घेतलं. मी अंगणात गेले, कोनाड्यातून कप उतरवला, तळाशी राहिलेलं अळणी त्यात काठोकाठ भरलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"ठिव ते," ती म्हणाली.

"वाट्या पुरंनात, आत्याबाई."

"पोटात नातू हाय माझा."

"त्यालाच पाजायले."

मी सावकाश प्यायले. मधे मधे फुंकर घातली. तिच्या हातातला घास तसाच राहिला. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. कप रिकामा करून तिच्या ताटाशेजारी ठेवला, तशी ती ताट सोडून उठली आणि बाहेर सासऱ्यांना म्हणाली, "सकाळी घालवा हिला बापाबरूबर. ही बी बाटली."

अशी मला माहेरची परवानगी मिळाली.

सकाळी गाडीत मी खिडकीशी बसले. खुंटीवरची लाडवांची पिशवी आठवणीनं काढून घेतली होती. सासूला जिंकल्याचा तोरा अजून उतरला नव्हता. परभणी येईपर्यंत मी तिला शिव्या घालत होते. वडील ऐकत होते. शेवटी मी त्यांच्यावरच उलटले. "तुमी त्या कपात पिलातच कशाला? फेकून द्यायचा व्हता."

"फेकला असता तर तू आज गाडीत बसली नसतीस."

"पण तुमाला काई वाटलं न्हाई?"

वडील बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या सासूनं कप ठिवला, ते लागलं न्हाई मला. तिच्याकडून तीच आशा व्हती. तुझा हात वर गेला, ते लागलं." त्यांनी बोटं पुढं केली. दोन बोटांवर लाल डाग होते. "तू ठरवून केलं न्हाईस, ते बी दिसलं मला. हाताला सवय झाली हाय तुझ्या. कितीजणांना असं ओतलंस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. एक कापूस वेचायला येणारी बाई होती. तिच्याबरोबर तिची सासू यायची. गोठा साफ करणारा एक म्हातारा होता, आणि आणखी पुष्कळ. मी एकेकाचं तोंड आठवायला लागले. एकाचंही आठवेना. आठवत होते ते फक्त कपाखाली धरलेले हात.