फणसाच्या बुंध्याशी साखर

मुंबईच्या साहेबमंडळींनी छापलेल्या एका चोपड्यात या माणसाचा उल्लेख 'कल्याणचा एक कारकून' एवढाच आहे. एक कारकून! जसे काही कल्याणात कारकून झाडाला लागतात. अहो, त्याला नाव होतं. विश्राम ताम्हणे. पारनाक्याजवळ घर, घरामागे परस, परसात विहीर, आणि विहिरीशेजारी तो फणस, ज्याच्यापायी या भल्या माणसाला नाकी नऊ आले.

ठाण्याला बांधकाम खात्याच्या कचेरीत तो नकला करायला होता. त्याचे वरिष्ठ हॉलिस साहेब सरकारचे पूल बांधत आणि उरलेल्या वेळात पक्षी गोळा करत. विश्रामचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पायाला बांधायच्या चिठ्ठ्या त्याच्याच गळ्यात पडल्या. पहिले सहा महिने तो घरी आल्यावर विहिरीवर जाऊन अंघोळ करी आणि मगच पाटावर बसे. पण रोज नावं लिहून लिहून त्याला पक्षी ओळखू यायला लागले, आणि ओळखू यायला लागल्यावर दिसायलाही लागले. माणूस एकदा मान वर करून चालायला लागला की त्याचं काही खरं नाही.

सन अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात त्याने साहेबाला सांगितलं, "साहेब, आमच्या फणसावर काळ्या मुंग्यांचं घर आहे, चांगलं घागरीएवढं. त्याला भोक पाडून तांबडा सुतार पक्षी आत अंडी घालतो. मुंग्या आत नांदत असताना!"

हॉलिस साहेब मराठीची परीक्षा पास झालेले होते, त्यामुळे बोलायचे ते पोथीसारखं. "ताम्हणे, हे असंभवनीय आहे. ज्या मुंग्या मेलेला बेडूक एका दिवसात फस्त करतात, त्या अंडी आणि पिल्ले कशी सोडतील? असा मूर्ख पक्षी असता तर त्याचा वंश केव्हाच बुडाला असता."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी टिपणवहीच्या समासात लिहिलं, 'कारकुनाची कल्पना', आणि वही पक्की नक्कल करायला दिली. कोणाला? विश्रामलाच! आपण थापाड्या आहोत हे त्या बिचाऱ्याला आपल्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहावं लागलं. तरी नक्कल सुबक आली.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला: ती ओळ खोडली गेली पाहिजे, आणि साहेबाच्याच हाताने. चार दिवस मागे लागल्यावर साहेब कबूल झाले. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत रोज पाहायचं, दिसेल ते सगळं लिहायचं, झाडाला कोणी हात लावायचा नाही. मध्ये एकदा साहेब स्वतः येऊन पाहणार. सगळं जुळलं तर ओळ खोडणार आणि मुंबईच्या साहेबमंडळींच्या सभेत सांगणार.

मग काय, रोज पहाट झाली की स्वारी शिडीवर. बायकोचा कुंकवाचा आरसा घेऊन उन्हाचा कवडसा त्या भोकात पाडायचा आणि आत डोकावायचं. मुंग्या पोट वर करून अंगावर धावून यायच्या, मानेला, कानाला, नको तिथे चावायच्या. सुजलेला कान घेऊन तो गाडीत बसला की लोक विचारायचे, "काय हो, घरी काही झालं का?" आणि सगुणा, म्हणजे त्याची बायको, रोज आरशाशिवाय कुंकू लावून लावून वैतागली होती. "पक्ष्याला तोंड दाखवता, मला माझं दिसत नाही," असं ती एकदा म्हणाली देखील.

पण वही भरत होती. पांढरीशुभ्र तीन अंडी. पंधराव्या दिवशी अंडी फुटून पिल्लं बाहेर आली, तीन. आई-बाप मुंग्यांच्याच घरात बसून मुंग्याच खात, पिल्लांना मुंग्यांचीच अंडी भरवत, आणि मुंग्या त्या पिल्लांच्या अंगावरून ये-जा करत, पण चावत नसत. विश्रामला कळेना हे कसं काय. कारण काहीही असो, त्याने लिहिलं, घडतं आहे ते असं आहे.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, हॉलिस साहेब घोड्याच्या गाडीतून पारनाक्यावर उतरले. सगळी आळी दारात. साहेब परसात आले, शिडी चढले, आत पाहिलं, दोन चावे खाल्ले आणि खाली उतरताना हसत होते. विश्रामचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांची नजर फणसाच्या बुंध्याशी गेली. ते गुडघ्यावर बसले. खिशातून भिंग काढलं.

"ताम्हणे, हे पांढरे काय आहे?"

विश्रामने वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग त्या पांढऱ्या ढिगापासून थेट वर घरापर्यंत लागली होती.

तो काही बोलायच्या आत माजघराच्या दाराआडून आवाज आला, "पिठी आहे म्हणावं. निम्मी पिठी, निम्मी साखर. रोज ताजी घालते, शिळी नाही."

ताजी! विश्रामने कपाळावर हात मारून घेतला. अहो, पाच वर्षं सगुणा रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मुंग्यांना साखर घालत होती. तो रोज त्या ढिगाला वळसा घालून शिडीकडे जायचा. पानाचं देठ पडलं तरी वहीत लिहिणारा हा गडी, पण साखर? ती लिहायची गोष्ट आहे हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. घरात चूल पेटते हे कोणी लिहून ठेवतं का?

साहेब हातरुमालाने गुडघे झाडत म्हणाले, "ज्यांना रोज बसल्या जागी भोजन मिळते, त्या शेजाऱ्याची पिल्ले का खातील? आपले निरीक्षण निरुपयोगी आहे." मग त्याचा चेहरा पाहून जरा नरमले असावेत. "आजपासून साखर बंद. पिल्ले तशीच वाचली आणि उडाली, तर मी मान्य करीन."

साहेबांची गाडी वळणापार गेली आणि विश्रामच्या रागाचा भडका उडाला. "तुला बोलायला कोणी सांगितलं होतं? एकोणीस दिवस मी मुंग्यांकडून फोडून घेतोय स्वतःला, आणि तुझी एक मूठ साखर! उद्यापासून बंद. कणभर नाही."

"ते जमायचं नाही," सगुणा म्हणाली.

"का जमायचं नाही?"

ती चुलीकडे वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "एकदा चुकले होते मी. बाळाला आयुष्य लाभावं म्हणून ते पोटात असल्यापासून मुंग्यांना रोज घालायची, असं आईने सांगितलं होतं. मी घालतही होते. मग धाकट्या बहिणीच्या लग्नाला माहेरी खडवलीला गेले, आणि त्या गडबडीत एक दिवस साखर घालायची राहिली. तिसऱ्या दिवशी बाळाला ताप आला."

त्यांचा मुलगा पाच महिन्यांचा असताना त्याच तापात गेला होता. चार वर्षांत ही गोष्ट तिने कधी काढली नव्हती, आणि आज काढली ती अशी, भांडणात. विश्राम गडबडला, आणि गडबडला की त्याचा आवाज चढायचा.

"त्याचा इथे काय संबंध? मुंग्या या पिल्लांना खात नाहीत म्हणजे नाहीत! साखर घाल नाहीतर नको घालूस!"

"आणि खाल्ली तर? आणखी तीन जीव माझ्या माथी?"

"नाही खाणार."

"लिहून देता?"

"देतो!" तो म्हणाला, आणि खरंच वहीचं पान फाडून लिहून दिलं. सगुणाला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद घडी घालून साखरेच्या डब्यात ठेवला आणि डबा फळीवर सारला.

पुढचे सतरा दिवस त्या घरात कोणालाही जेवण गोड लागलं नाही. मुंग्या सवयीने बुंध्याशी यायच्या, हुंगायच्या, फिरायच्या आणि परत जायच्या. सगुणा मागच्या दारात तांदूळ निवडत बसे, पण नजर वर. विश्राम कचेरीत नकलेत चुका करू लागला. बाहेर दाखवत नसला तरी आतून त्याची गाळण उडाली होती. आपण लिहून दिलं खरं, पण त्या मुंग्या आपला कागद थोडाच वाचणार होत्या!

नवव्या दिवशी तो ठाण्याहून परतला तर सगुणा फणसाखाली उभी, पदराचा बोळा मुठीत. "दुपारपासून पिल्लांची आई आलेली नाही. भोकाशी बघा मुंग्या किती जमल्यात!" खरंच भोकाची कड काळी झाली होती. तो शिडीकडे धावला, पण ऊन उतरलेलं, आरसा काय कामाचा? दोघं तशीच उभी राहिली. दिवेलागणीला ती सुतारीण आली, अंगाला चीक लागलेला, पायाला दोन मुंग्या लटकलेल्या, आणि भोकाशी जमलेल्या मुंग्या टिपत टिपत आत शिरली. आतून पिल्लांचा कलकलाट झाला. तीन आवाज आहेत का दोन, यावरून नवरा-बायकोचं पुन्हा वाजलं.

तीनच होते. सतराव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू गोठ्याच्या कौलांवर येऊन आपटलं, दुसरं विहिरीच्या रहाटावर, आणि तिसरं दोन तास भोकातून मान काढून सगळ्यांचा अंत पाहून मग उडालं.

विश्राम वही नाचवत स्वयंपाकघरात शिरला. "पाहिलंस? सतरा दिवस कणभर साखर नाही, आणि एकालाही ओरखडा नाही! आता खोडा म्हणावं ती ओळ! तुझ्या साखरेचा काडीचाही संबंध नव्हता, ऐकतेस ना? काडीचाही!"

सगुणा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"काडीचाही नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"घातली काय, नाही घातली काय?"

"सतरा दिवस पाहिलंस की डोळ्यांनी!"

"मग," ती म्हणाली, आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकली, "मग मी खडवलीला होते, त्या दिवसाचाही नाही?"

विश्रामची वही खाली आली. साहेब, ओळ, मुंबईची सभा, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. चार वर्षं ही बाई रोज मूठभर साखर घेऊन कशाची माफी मागत होती, हे त्याला आत्ता कळलं. आणि आपण वळसा घालून जात होतो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

तो चुलीपुढे तिच्याशेजारी बसला. "नाही गं," तो म्हणाला. "त्याचाही नाही."

सगुणा रडली. पिठाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवून, मोठ्याने. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कोणी उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्याला निघाला तेव्हा ती फणसाच्या बुंध्याशी वाकलेली दिसली. विश्राम उंबऱ्यातच थबकला. "अगं, आता कशाला?"

"सतरा दिवस उपाशी आहेत हो," ती म्हणाली, आणि डबा पालथा करून झटकला.