पार्वतीला भुईवर घेतलं तो दिवस

आधीच सांगून टाकतो — भुतंखेतं, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि आजही मी कुणाला कपाळाला अंगारा लावू देत नाही. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सांगलीला खोली घेऊन, स्वतः भाकऱ्या थापून बी.ए. झालो. त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो... पण घडलं ते घडलं.

आमचं गाव पलूसपासून कोसभर. दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. तेव्हा आमचा भाग सातारा जिल्ह्यातच मोडायचा. मी पलूसला मास्तर, सायकलवर जाऊन येऊन. घरात आई, मी आणि माझी बायको पार्वती. मूलबाळ नव्हतं.

पार्वतीचं दुखणं पायातून सुरू झालं. आधी चालताना चप्पल निसटायची. मग हातातून तांब्या सुटायला लागला. मग मान. सांगलीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, "नसा सुकत चालल्यात. औषध नाही. मात्र सपाट झोपवू नका. थुंकी गिळता येणार नाही, गुदमरेल. बसती ठेवा, मानेला आधार द्या, कूस बदलत राहा. आणि एक ध्यानात ठेवा मास्तर — अंगातली ताकद जाईल, पण दुखलंखुपलं सगळं कळेल तिला."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कळेल सगळं, सांगता मात्र येणार नाही.

सुताराकडून उंच पाठीची, मागे कललेली खुर्ची करून घेतली. दोन्ही कुशींना बाजरीच्या भुसाच्या उशा — कापूस दबून जातो, भूस अंगासारखा बसतो. टाचांखाली चुंबळी, बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात त्याच. टाच मधल्या पोकळीत राहते, लाकडाला घासत नाही. मान पडू नये म्हणून कपाळावरून जुन्या धोतराची मऊ पट्टी. रात्रीही ती त्याच खुर्चीत झोपायची. जीभ चालत होती तोवर पार्वती मला सोडायची नाही. "आवं, बी.ए. झालासा, पन उशी लावाय येईना तुमास्नी! खाली म्हनलं की वर कसं जाताय?"

पुढे जीभही गेली. पापणी मिटली की हो, एवढंच उरलं. कुठं दुखतंय हे अंगभर विचारत फिरावं लागे. टाच? गुडघा? कंबर? बरोबर जागा सापडेपर्यंत तिच्या गालावरून पाणी वाहत असे.

असंच एकदा वर्गात भूगोल शिकवत होतो. अचानक डाव्या टाचेला अशी आग सुटली की वहाण काढून बघितली. काही नाही. घरी आलो तर पार्वतीची डावी टाच चुंबळीतून घसरून लाकडावर आलेली, लालभडक. म्हटलं, योगायोग.

मग एकदा शाळेतून येताना उजवा फरा, म्हणजे खांद्यामागचं हाड, दुखायला लागला. सायकल दारात टाकली आणि आईला म्हणालो, "तिच्या उजव्या फऱ्याखाली काहीतरी आहे."

"आत्ताच कूस बदललीया मी," आई म्हणाली. "काय दुखत न्हाई तिला."

"बघ तरी."

आईनं हात घातला तर चिंचोका निघाला. तो तिनं माझ्यापुढं धरला. "तुला कसं रं कळलं? बी.ए.ला शिकवत्यात व्हय ह्ये?"

त्यानंतर मी विचारणं सोडूनच दिलं. माझं जिथं दुखेल तिथं तिची उशी हलवायची, की दोघांचंही थांबायचं. सांगलीच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, काळजीनं होतं असं, मनाचे खेळ. मलाही ते पटलं. शिकलेल्या माणसाला पटण्यासारखंच होतं. आणि खरं सांगू? पार्वतीला बरं वाटत होतं, तर कारणाशी मला काय करायचं होतं!

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला शिक्षकांच्या बैठकीसाठी साताऱ्याला जावं लागलं. जायचं मनात नव्हतं, पण हुकूम होता. आईच्या सोबतीला थोरली चुलती आली. निघताना दोघींना बजावलं, काही झालं तरी सपाट झोपवायचं नाही.

साताऱ्याला एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक होती. दुपारची वेळ. एक साहेब व्यासपीठावर तासभर बोलत होते. माझ्या शेजारी वाईकडचे एक जाडजूड, फेटेवाले मास्तर बसले होते — तपकिरीचे भोक्ते. चिमूट ओढून ते माझ्या कानाशी लागले, "ह्या भाषणानं आज कोणतरी पडतंय बघा."

आणि मीच पडलो.

आधी पाठ गार पडली. नुकत्याच सारवलेल्या भुईवर उघड्या पाठीनं पडावं तशी. मग डोक्यामागं कठीण लागलं. तोंडात थुंकी साचली, गिळता येईना. छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. मी बाकावरून खाली आलो. लोक धावले आणि चक्कर आलेल्या माणसाला करतात तेच त्यांनी केलं — मला सपाट झोपवलं. तसा उरलासुरला श्वासही अडकला. मी हातानं खुणा करतोय, बसवा, बसवा... कुणाला कळेना. शेवटी ते वाईकर मास्तर ओरडले, "अहो, बसवा त्यांना! बसायचं म्हणतायत ते!" ते स्वतःच माझ्यामागं बसले, पाठीला गुडघा लावला, आणि पंजा हनुवटीखाली धरून माझी मान वर उचलली. श्वास मोकळा झाला.

मी कुणालाही न विचारता तसाच निघालो. सातारा रोडला रेल्वे पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर गाठलं.

पार्वती खुर्चीत होती. जिवंत. आई उंबऱ्यावर बसलेली, चुलतीचा पत्ता नाही.

"बापू, तिला भुईवर घेतली हुती रं," आई म्हणाली आणि रडायला लागली.

झालं होतं असं. काल पेज पाजताना पार्वतीला जोराचा ठसका लागला, डोळे फिरले. चुलती म्हणाली, आता हिचं भरलं, खुर्चीत जीव गेला तर गत न्हाई, भुईवर घ्या. आमच्याकडे मरणाऱ्याला भुईवर घेतात. चुलतीनं काही वाईट मनात धरून केलं नाही. तिनं घाईघाईनं जमीन सारवली, पार्वतीला उताणी ठेवली, तोंडात पाणी सोडलं. घरघर लागली.

"कवा?" मी विचारलं.

"दुपारच्याला. मी म्हनत हुते, सपाट नगं, बापूनं सांगितलंय. पन माझं कोन ऐकतंय? आन मग..." आईनं पदर तोंडाला लावला. "मग ती उठली रं."

"कोण उठली?"

"पार्वती! कुनीतरी मागनं गुडघा दिल्यागत बसती झाली. मान आशी वर! इतक्या दिसांत मान धरली न्हवती तिनं. थोरली वराडत पळाली, म्हनती तुज्या सुनंची हडळ झाली. मी मातूर गेले न्हाई. पाठीला उशा लावल्या, मग ती हळूहळू सैल पडली. खुर्चीत कशी घेतली, माझं मला ठाव."

मी खुर्चीशी गेलो. सवयीनं पट्टी सारखी केली. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "आन हनुवटीला तपकीर लागली हुती तिच्या. मी पुसली. आपल्या घरात कोन रं वढतंय तपकीर?"

मी आईला साताऱ्याचं काहीच सांगितलं नाही. दुपारी पार्वतीजवळ बसून विचारलं, "तुला कुणी उठवलं, माहीत आहे?" तिनं पापणी मिटली नाही. नाही म्हणाली, की माहीत असूनही उत्तर दिलं नाही, कोण जाणे. नुसती बघत राहिली.

त्यानंतर मी तिला सोडून कुठं गेलो नाही. बिनपगारी रजा काढली. टाच, कंबर, मांडी — माझं अंग सांगत होतं, मी तिला हलवत होतो. थंडीत एका सकाळी तिचा श्वास तुटक झाला. आई भुईवर घ्या म्हणाली नाही. मी खुर्चीमागं बसून तिची मान माझ्या दंडावर घेतली आणि वाट पाहू लागलो. आता माझी छाती आवळेल, आता कळेल कुठं आधार द्यायचा...

काहीच झालं नाही. मी नेहमीसारखा श्वास घेत होतो. माझ्या अंगात कुठंही, टाचेतसुद्धा, काही दुखत नव्हतं. मी उशा चाचपत राहिलो. ही का ती, वर का खाली... माझ्या डोळ्यांदेखत ती गेली.

डॉक्टर म्हणतात, शेवटी तिला यातना झाल्या नसतील. आईही तेच म्हणते. तसं असेल तर चांगलंच आहे. पण तिला तेव्हा खरंच काही दुखत नव्हतं, की मलाच कळायचं बंद झालं होतं? माझं सगळं शिक्षण पणाला लावूनही याचं उत्तर मला देता येत नाही. वाचकांपैकी कुणाला देता आलं तर द्यावं... मात्र माझ्या समाधानासाठी म्हणून देऊ नये.