नातीचं वजन वाढेना

मी फार बोलते. हे माझं मत नाही, गावाचं आहे, आणि गाव सहसा एकमताने काही ठरवत नाही. अंगणवाडीची सेविका झाले तेव्हापासून लेकरांच्या आयांना समोर बसवून बोलणं हेच माझं काम. नशीब असं की हे काम मी बिनपगारीही केलं असतं. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करा, वरणात तेलाची धार सोडा, शेवग्याचा पाला घाला, दुकानातल्या पुड्या देऊ नका. आणि लेकराला चहा पाजू नका. इथे आल्यावर माझा आवाज आपोआप चढतो. चहाने भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की बाया पुढचं वाक्य मनातल्या मनात म्हणून टाकतात.

मुलचेऱ्याच्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव आहे. महिन्यातून एकदा सगळ्या लेकरांची वजनं होतात. काट्यावरचा आकडा मोबाइलमध्ये भरला की लेकरू कोणत्या रंगात आहे ते दिसतं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे कमी वजनाचं, आणि लाल म्हणजे आईसकट तालुक्याच्या दवाखान्यात भरती. मागच्या पावसाळ्यात एक लेकरू हिरव्यातून पिवळ्यात घसरलं. ते माझ्याच घरचं होतं, माझ्या मुलाची सव्वा वर्षाची पोर.

मी आधी काट्याला दोष दिला. तो उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला, झटकला, त्यावर आहाराचं सीलबंद पाकीट ठेवून पाहिलं. पाकिटाचं वजन बरोबर आलं. बायांच्या मोठ्या काट्यावर स्वतः उभं राहून खात्री करायचा विचार आला होता, पण भरल्या अंगणवाडीत तो आकडा दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

काटा निर्दोष ठरल्यावर दोष द्यायला एकच माणूस उरलं, माझी सून. ती चिमूरकडची, मोजकं बोलणारी. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. ती सकाळी डबा बांधून शेतावर जायची आणि संध्याकाळी चिखलाने भरून यायची. दिवसभर नात माझ्याकडे, म्हणजे जाणत्या हाती, असा माझा समज होता. पोर अजून अंगावर पीत होती, तेव्हा खोट दुधातच असणार, हे मी एका दिवसात ठरवून मोकळी झाले.

"तुले दूध कमी उतरून राह्यलं," मी तिला म्हणाले. "आंबट खाणं बंद कर. तिखटबी नोको. डाळीनं लेकराले वात होते."

प्रशिक्षणात मला यातलं काहीही शिकवलेलं नव्हतं. उलट असल्या समजुती गावातून काढायच्या, असं शिकवलं होतं, आणि परक्यांच्या घरी मी त्या हिरिरीने काढतही होते. पण आपल्या घरचं लेकरू पिवळ्यात गेलं की प्रशिक्षण बाजूला राहतं आणि आपली मेलेली आजी अंगात येते. सून "हो" म्हणाली. मी सेविका, त्यात सासू, ती दुसरं काय म्हणणार.

दुपारी अंगणवाडी सुटली की मी नातीला काखेत घेऊन गृहभेटींना निघायची. आमच्याकडे दारी आलेल्या बाईला चहाशिवाय उठू देत नाहीत. दूध असलं तर दुधाचा, नसलं तर काळा, पण साखर हात सैल सोडून. मी छपरीतल्या खाटेवर बसायची, नात मांडीवर, चहा समोर, आणि मग माझं सुरू व्हायचं. एवढं मन लावून बोलायची की चहा कधी संपला तेही कळायचं नाही.

पुढच्या महिन्याचा वजनाचा दिवस आला. या वेळी आकडा आणखी उतरला तर पोर लाल रंगात जाणार होती आणि सुनेला भर रोवण्यात तिला घेऊन दवाखान्यात राहावं लागणार होतं. त्या दिवशी सून कामावर गेली नाही. अंगणवाडीत भिंतीला टेकून बसली. मी नातीला काट्यात ठेवलं आणि तिने भोकाड पसरलं. हातपाय असे झाडत होती की आकडा एका जागी ठरेना. मी खुळखुळा वाजवला, टाळ्या पिटल्या, शेवटी बडबडगीतही म्हणून पाहिलं. त्याने दुसरी दोन लेकरं रडायला लागली.

तेव्हा एक आई उठून बाहेर गेली. तिचं घर अंगणवाडीला लागूनच आहे, आणि चहावरून सगळ्यात जास्त बोलणी मी तिलाच घातली होती. ती परत आली ती हातात बशी घेऊन. बशीत चहा होता.

"घ्या बाई," ती म्हणाली. "बशीबिगर नाई राहाची ते."

नातीने बशी पाहिली आणि रडणं थांबलं. दोन्ही हात पुढे करून, ओठांचा चंबू करून ती अगदी शहाण्यासारखी बसली. काटा ठरला. आकडा मागच्याच महिन्याचा होता, लालच्या अगदी काठावरचा.

"कोणती बशी?" मी विचारलं.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. बशीवालीच बोलली, "तुमीच त पाजता, बाई. आमाले सांगता चहा देऊ नोका, अन् तेव्हाच तिले बशी लावता. ज्या घरी जाता त्या घरी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"आमाले वाटलं, बाईच पाजून राह्यली म्हंजे बशीतला चालत असन. आमीबी आता बशीनंच देतो."

मांडीवरची पोर कुरकुरली की माझं बोलणं तुटायचं. म्हणून माझा हात बशी तिच्या तोंडाला लावून तिला गप्प करायचा आणि मी पुढे चालू. घरोघरी दोन-दोन घोट. संध्याकाळी आई पदराखाली घ्यायची तर पोट साखरेने भरलेलं, वरणभाताचा घास तर ती थुंकूनच टाकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ठीक, पण मी ते सांगता सांगता गावभर बशीची साथ पसरवून आले होते. बाया हसायला लागल्या. मीही हसले, सगळ्यात मोठ्याने, कारण तिथून सुटायचा दुसरा रस्ता नव्हता. भिंतीजवळची माझी सून हसत नव्हती.

नातीचं पुढे नीट झालं. ती लालमध्ये गेली नाही. आधी चहासाठी तिने घर डोक्यावर घेतलं, मग हळूहळू घासाला तोंड उघडायला लागली आणि दिवाळीनंतर हिरव्यात आली. मी अजूनही गृहभेटींना जाते, पण नात बरोबर असली की चहाला नाही म्हणते, आणि बाया तोंडाला पदर लावतात.

मला सलतं ते त्याच दिवशीचं. घरी आल्यावर मी सुनेच्या बोलण्याची वाट पाहत होते. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं; भांडणात मी हरत नाही. ती जेवायला बसली. ताटात नुसता भात आणि मीठ. डाळ नाही, तिखटाची भाजीही नाही. मी बंद करायला लावलेलं सगळं तिने खरोखर बंद केलं होतं, आणि दिवसभर चिखलात वाकून आल्यावर ती महिनाभर हेच खात होती. गावातल्या लेकरांचे दंड मोजत फिरणाऱ्या मला सुनेचं वाळलेलं मनगट त्या दिवशी दिसलं. माझी मलाच लाज वाटली.

"आई," तिने विचारलं, "मंग माह्या दुधात खोट नव्हती ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती अजूनही मलाच विचारत होती, मी सांगेन तेच खरं धरून.

"नव्हती," मी म्हणाले.

तिने पोरीला पदराखाली घेतलं.

"मले वाटे," ती म्हणाली, "मीच तिले उपाशी मारून राह्यली."