आत्याचा उभा ऊस

साताऱ्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या खिडकीची काच बंद होत नव्हती. डिसेंबरातली सकाळ, अजिंक्यतारा धुक्यात, आणि वारा थेट कानात. दर हिवाळ्यात मी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची एक फेरी करतो. बायको त्याला माझा तपासणी दौरा म्हणते. फलटणचे मामा आदल्या आठवड्यात बघून झाले होते. ते ठणठणीत निघाले, उलट माझंच बीपी विचारत बसले. आता पलूसची आत्या राहिली होती.

या खेपेला कामही नेमून दिलेलं होतं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिचा मुलगा सुहास पुण्याला असतो. ऑपरेशनसाठी तो वर्षभर तिला बोलावतोय, आणि आत्याचं एकच उत्तर: "ऊस उभा हाय, तोड आली की बघू." तोड म्हणजे कारखान्याकडून येणारी ऊसतोडणीची पाळी. ती कधी येईल सांगता येत नाही, आणि मालक जागेवर नसला तर टोळी पुढच्या रानात जाते. त्यामुळे आमच्या भागात लग्नापासून ऑपरेशनपर्यंत सगळंच तोडीवर अडतं. "दादा, तू तिला पटव," सुहास फोनवर म्हणाला होता.

कराडला गाडी बदलली. शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ बसले.

"कुणीकडं?"

"पलूसला. आत्याला बघायला."

"थंडीचंच येत्यात समदी बघाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात कोण फिरकत न्हाई."

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला होता. त्याच्यामागे आम्ही तासभर उभे राहिलो आणि ड्रायव्हरसकट सगळ्यांनी ट्रॉलीतला ऊस उपसून खाल्ला.

आत्याचं घर गावाबाहेर, वाट्याने कसायला दिलेल्या तिच्या रानाला लागून आहे. मी फाटकातून हाक मारली तेव्हा ती आवाजाच्या रोखाने वळली आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघून हसली. "बाळू, लय वाळलास रं." तिला मी कितपत दिसलो कोण जाणे. चहा ओतताना तिने कपाच्या काठावरून बोट आत धरलं होतं. कढत चहा बोटाला लागला की ओतणं थांबायचं. बोटाचं टोक लाल झालं होतं. मला ते बघवेना, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळे करायला रानात गेलो. तिथे उभा ऊस नव्हता. सगळं रान तोडून झालेलं, पाचट पसरलेलं, आणि खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यांना) गुडघाभर हिरवे कोंब आलेले.

परत आलो तर आत्या भाकरी थापत होती.

"आत्या, ऊस तर गेलाय की."

तिचे हात थांबले नाहीत. "कवाच. पयल्याच तोडीला गेला."

"मग सुहासला का सांगतेस उभा आहे म्हणून?"

तिने भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं, आणि मग म्हणाली, "डोळ्याचं भ्या न्हाई मला. कापू देत. पर समोरची शेवंता चार दिसांसाठी म्हणून लेकाबरोबर पुण्याला गेली. तीन वर्सं झाली. कुलपाला गंज चढलाय, मी हात लावून बघती ना. मलाबी न्हेलं की कोण आणतंय परत?"

"सुहास तसा नाही."

"न्हाईच. लय गुणाचा हाय. म्हणून तर सोडायचा न्हाई."

मी विचारलं, "सांगलीत केलं तर? आणि मी परत आणून सोडलं तर?"

"तू?"

"मी."

"बघ हं," ती म्हणाली.

सांगलीला विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सुहास पुण्याहून गाडी घेऊन आला. सगळं सुरळीत पार पडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही."

सुहासने गाडीचं दार उघडलं. "आई, आता पुण्यालाच चल. पलूसला थेंब कोण घालणार?"

त्याचं बोलणं अगदी रास्त होतं. काळ्या चष्म्यातून आत्याने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी बरोबर तोंडाकडे पाहिलं.

"मी घालतो," मी म्हणालो.

"दादा, महिनाभर?"

"महिनाभर."

बोलून तर गेलो. पिशवीत दोनच कपडे होते. बायकोला फोन केला तर ती इतका वेळ हसत होती की शेवटी मीच फोन ठेवला.

पलूसच्या वाटेवर द्राक्षबागा लागल्या. घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते. आत्या काचेला नाक लावून बसली होती. "कागद हायती व्हय ते? मला वाटलं, बगळं बसल्यात." सुहास हसला. मग उरलेल्या वाटेत त्याने गाडी अगदी सावकाश चालवली.

प्रवासवर्णन घरी परतून संपवायची रीत आहे. परतली ती आत्या. मी हे पलूसला तिच्या पडवीत बसून लिहितो आहे. भाकरी मला अजून गोल जमत नाही आणि ती ते आता लांबूनही बघू शकते.

काल तिने विचारलं, "कवा जाणार हायस?"

"थेंब संपले की."

तिने बाटली उचलली, उजेडाला धरली, चष्मा वर करून निरखली.

"हाय की अजून बक्कळ," ती म्हणाली, आणि बाटली जागेवर ठेवून कोंबड्या हाकलायला अंगणात गेली.