सारंगचाचांचं कुरूप इंग्रजी

शेजारच्या सारंगचाचांच्या नातीचं जमत आलेलं लग्न मी एका शब्दाचा अर्थ सांगून मोडायला निघालो होतो. अर्थ अचूक होता, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाकडून दुसरी कसली चूक होणार?

कुरूपतेसाठी इंग्रजीत जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे सगळे तोंडपाठ असलेला माणूस रत्नागिरीत एकच झाला, तो म्हणजे चाचा. उभा जन्म त्यांनी मालवाहू बोटींवर काढला आणि शेवटी खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग झाले. प्रत्येक कप्तानाचा राग वेगळा. एकाला डेक 'अग्ली' दिसायचा, दुसऱ्याला रंगकाम 'हिडियस', तिसऱ्याला तर सगळे खलाशीच 'ग्रोटेस्क'. चाचांनी हे शब्द अत्तराच्या बाटल्यांसारखे जपून घरी आणले आणि फक्त जिवाभावाच्या गोष्टींवर शिंपडले. दारातलं हापूसचं कलम मोहरलं की त्याच्याखाली उभं राहून म्हणायचे, "अग्ली! व्हेरी अग्ली!" ईदला चाची नवे कपडे घालून बाहेर आली की "घास्टली!" आणि साठीची चाची नव्या नवरीसारखी लाजायची. मी एकदा अर्थ समजावायला गेलो, तर म्हणाले, "अर्थ ठाऊक आहे रे मला. चांगलं म्हटलं की नजर लागते. आपल्या बोलीत वाईट बोललं तर माणसाच्या मनाला लागतं. इंग्रजीत बोललं की नुसती नजर फसते."

मला मात्र रोज सकाळी कुंपणावरून हाक यायची, "हॅलो, हँडसम मास्तर!" मग मी भांग पुन्हा एकदा पाडून शाळेत जायचो.

नातीला बघायला जयगडची मंडळी आली. पडवीत एखादा शिकलेला माणूस दिसावा म्हणून मलाही बसवलं होतं. पोर सरबत घेऊन आली. तिला बघून चाचांचे डोळे भरले आणि त्यांनी ठेवणीतला शब्द काढला, "रिपल्सिव्ह!"

मुलाची आई माझ्याकडे वळली. "मास्तर, काय म्हणाले ते?"

अशा वेळी माणसाने खोकावं, सरबत सांडावं. मी चष्मा सारखा केला. "बघताक्षणी किळस यावी अशी."

पोरीने ट्रे खाली ठेवला. मुलाचे वडील चपला शोधू लागले. एवढे समुद्र फिरून चाचांना माझ्यासाठी शब्द सापडत नव्हता. शेवटी चाचीच दारातून पुढे झाली. "अवो, नजर लागू नये म्हणून बोलतात ते! मला चाळीस वर्षं घास्टली म्हणतायत, टाकली काय मला?"

मुलाच्या आईने चाचीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या आपल्या लेकाच्या पाठीत थाप मारली. "मग आमचा पण ऐकून ठेवा. सुकलेला बोंबील!"

लग्न झालं. चाचा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नवव्या सकाळी पुन्हा, "हॅलो, हँडसम!"

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. कलम मोहरतं, पण त्याला कोणी नावं ठेवत नाही. यंदा मोहर गळायला लागला तेव्हा मीच इकडेतिकडे बघून हळूच "अग्ली" म्हटलं. उच्चार शुद्ध होता. त्यात जीव काही आला नाही. परवा अंगणात मासे साफ करत बसलेल्या चाचीपाशी मनातलं बोलून टाकलं. "चाची, झाडाला, नातीला, तुला, सगळ्यांना म्हणायचे. मला कधी साधं अग्लीसुद्धा म्हटलं नाही. मी त्यांचा कोणीच नव्हतो काय गं?"

चाचीने विळीवरचा हात थांबवला आणि माझं तोंड नीट न्याहाळलं.

"होतास की, जवळचाच होतास," ती म्हणाली. "पण ह्या तोंडाला नजर लावणार कोण?"